काळ्याची खेळी बाकी आहे

पटत नसेल तर इथंच थांबा. कुणाला पटवून द्यायचा मक्ता आम्ही घेतलेला नाही.

पण जे घडलं ते खरं आहे. आमच्या आईचे सख्खे मामा, रंगराव, यांच्याच बाबतीत घडलेलं आहे.

साल १९५६. चैत्र महिना. पिंपरी आणि चिंचवडच्या मधे, मुंबई रस्त्यापासून जरा आत, काचेच्या बाटल्यांचा एक कारखाना तेव्हा नव्यानं उभा राहिला होता. नाव सांगणार नाही. त्या कारखान्याच्या मागच्या जुन्या गोदामात हे घडलं.

रात्री?

छे. भर दुपारी. साडेबाराला.

भुतं अमावस्येच्या रात्री पिंपळाखालीच भेटतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल तसं समजावं. रंगरावही तसंच समजायचे. म्हणून तर फसले.

आधी रंगराव म्हणजे काय वल्ली होती ते सांगतो. हुद्दा काय, तर हजेरी कारकून. कोण आलं, कोण नाही, एवढं वहीत लिहायचं काम. पण तोरा असा, की कारखाना यांनीच बांधलाय आणि मालक यांच्याकडे महिन्यानं कामाला आहे. मॅट्रिक झालेले. साताऱ्याकडून आलेले, कासारवाडीला स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहायचे. आसपासच्या गावच्या लोकांना सरळ नावानं हाक मारतील तर शपथ. "ए नांगऱ्या" नाहीतर "ए ढेकळ्या". आईचे मामा होते म्हणून गोड बोलायचं, हे आम्हाला काही जमणार नाही.

आणि त्यात बुद्धिबळाचा नाद.

बरं खेळायचे, नाही असं नाही. पण आपण फार मोठे खेळाडू आहोत असं त्यांना वाटायचं. कारखान्यात कोणी बरोबरीचं नव्हतंच, मग वाटायला काय जातंय? गेटवरच्या आबाजी पहारेकऱ्याला हरवायचे आणि मिशीला पीळ द्यायचे. आबाजीला एका डोळ्यानं दिसत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्यांनी स्वतःच एक नियम केला होता. जिंकेल त्याची पांढरी, हरेल त्याची काळी. पहिली खेळी पांढऱ्याची. जिंकायचे तेच, त्यामुळे पांढऱ्या सोंगट्या कायम त्यांच्याकडेच.

"काळ्या तुमच्या जातीलाच शोभतात रे," असं वर म्हणायचे. आणि हसायचे.

ह्या रंगरावांच्या समोर बसायचा दादू.

दादू तिथलाच, पलीकडच्या वस्तीवरचा. कारखाना जिथं उभा होता त्यातला दीड एकर त्याच्याच बापाचा. जमीन गेली आणि हा त्याच जमिनीवर रोजंदारीनं पेंढा वाहायला लागला. बाटल्या पेंढ्यात बांधून जायच्या ना, तो पेंढा. त्या धुळीनं त्याची छाती पार गेली होती. दोन वाक्यं बोलला की खोकायचा.

ज्या घराची जमीन गेली त्या घरातल्या एकाला कायमचं काम द्यायचं, असं ठरलेलं होतं. यादी लिहायचे रंगराव. वरचा साहेब नुसती सही करायचा.

दादूची मागणी एकच होती.

"सायेब, माझं नाव नका लिवू. माझा काय भरवसा न्हाई. माझ्या मंडळीचं लिवा. सगुणाचं. बाटल्या धुवायला बाया घेत्यात नव्हं?"

आता ह्यात अडचण काय होती? काही नाही! कुठलाही नियम आडवा येत नव्हता. लेखणी उचलायची आणि नाव लिहायचं. पण असा सरळपणा रंगरावांच्या स्वभावात बसत नव्हता. समोरचा माणूस हात जोडून उभा आहे, ह्यात त्यांना जेवणापेक्षा जास्त गोडी.

एके दिवशी आबाजीच्या देखत ते म्हणाले, "असं कर दाद्या. मला काळ्यांनी हरव. नुसतं हरवून चालायचं नाही हां. प्याद्यानं मात कर. केलीस की लिहिलं तुझ्या बायकोचं नाव."

प्याद्याची मात म्हणजे देशी खेळातली सगळ्यात मानाची मात. वजिरानं, हत्तीनं कोणीही मारतो. पटावरच्या सगळ्यात लहान सोंगटीनं राजाला कोंडायचं, हे सोपं नाही. आणि ज्याच्यावर ती होते त्याला चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही.



दादू म्हणाला, "शब्द हाय का सायेब?"

"रंगरावाचा शब्द आहे," रंगराव म्हणाले. आबाजी साक्षीला होता.

यादी शनिवारी दुपारी एकला साहेबाकडे जायची होती.

सोमवारी डाव मांडला.

खेळायला वेळ एवढाच. साडेबाराला जेवणाचा भोंगा व्हायचा, एकला दुसरा. ह्या अर्ध्या तासात जेवायचं आणि खेळायचं. दुसरा भोंगा झाला की हात थांबवायचे. डाव तसाच ठेवायचा आणि पटावर डालगं पालथं घालायचं. कोंबड्या झाकतात ते बांबूचं डालगं. मग गोदामाला कुलूप. किल्ली एकच, रंगरावांच्या कमरेला. त्या गोदामात फुटक्या बाटल्या आणि जुना पेंढा, दुसरं काही नाही. कुणी तिकडे फिरकतही नसे.

मंगळवारी दुपारपर्यंत दादू पार मार खाऊन बसला होता. एक हत्ती गेलेला, वजीर गेलेला. रंगरावांचा राजा आपल्या कोपऱ्यात निवांत. एका बाजूला स्वतःचा उंट, पुढं स्वतःचं प्यादं, तिरकस पुढं आणखी एक प्यादं. घरातून बाहेर पडायची गरजच नाही.

दादूचं एक काळं प्यादं मात्र त्या राजाच्या अगदी दारात येऊन अडकलं होतं. पुढं रंगरावांचं प्यादं, त्यामुळे सरकायला जागा नाही. रंगरावांना ते केव्हाही खाता येत होतं. तिरकस प्याद्यानं टिपायचं, की संपलं.

"खात का न्हाई त्ये, रावसायब?" आबाजीनं डबा घ्यायला येताना विचारलं होतं.

"प्यादी खायला मी काय भिकारी आहे? राहू दे तिथंच. मरतंय की जगतंय बघू."

दादूनं ते ऐकलं. मान खाली घालून खोकला. आणि पटाकडे बघत राहिला.

भोंगा झाला. रंगराव आपली खेळी करून उठले. रोजच्यासारखं म्हणाले, "खेळी तुझी. रात्रभर डोकं खाजव."

दादू त्याच संध्याकाळी गेला. दिवे लागायच्या आत. खोकल्याची ढास लागली ती थांबलीच नाही.

बुधवारी सकाळी आबाजीनं गेटवर सांगितलं. रंगरावांनी हजेरीची वही उघडली, दादूच्या नावापुढं लिहिलं, गैरहजर. आणि वही मिटली. अर्ध्या तासावर पवनेच्या काठी मढं जळत होतं. पण हा माणूस काही गेला नाही.

दुपारी आबाजी गोदामाच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"रंगराव, एक रीत हाय आमच्याकडं. डाव अर्धा ऱ्हायला आन् गडी गेला, तर जित्या मानसानं आपला राजा आडवा करायचा. डाव त्याला सोडायचा. मग मोकळा व्हतो त्यो."

"म्हणजे मी हरायचं?"

"हरायचं न्हाई. मान द्यायचा."

"कुणाला? दाद्याला?" रंगराव एवढ्या जोरात हसले की पत्र्यावरचे पारवे उडाले. "एक हत्ती जास्त, वजीर जास्त, आणि राजा मी आडवा करू? त्या पेंढेवाल्यासाठी?"

"मग त्याच्या मंडळीचं नाव तरी लिवा यादीत."

"पैज जिंकला का तो?"



आणि मग रंगराव बोलू नये ते बोलले. डालगं उचललं, पटाकडे बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "काळ्याची खेळी बाकी आहे. येऊन खेळ म्हणावं!"

आबाजीनं कानांवर हात ठेवले आणि तिथून निघून गेला.

रंगरावांनी डालगं पालथं घातलं. कुलूप लावलं. एकचा भोंगा झाला.

गुरुवार.

गेटवर बिल्ल्यांची फळी असायची. प्रत्येक कामगाराचा पितळी बिल्ला, त्यावर नंबर. आत येताना खिळ्यावरून काढून सदऱ्याला लावायचा, जाताना परत अडकवायचा. दादूचा नंबर एक्केचाळीस. तो अजून कुणाला दिलेला नव्हता. सकाळी तिथंच लटकत होता.

साडेबाराचा भोंगा झाला. रंगराव डबा घेऊन फळीवरून पुढं गेले...

आणि दोन पावलं मागं आले.

एक्केचाळीसचा खिळा मोकळा होता.

"आबाजी, हा बिल्ला कुणी नेला?"

"मी हितंच हाय सकाळधरनं. कुनी न्हाई नेला."

रंगराव चरफडत गोदामाकडे गेले. कुलूप होतं तसं. आत गेले. पेंढ्याची धूळ जमिनीवर पसरलेली, त्यावर कालची त्यांचीच पावलं. दुसरं पाऊल नाही.

डालगं उचललं...

काळा घोडा हलला होता.

पटाच्या मधोमध उभा असायचा तो. आता दुसऱ्या टोकाला, थेट रंगरावांच्या वजिराच्या माऱ्यात जाऊन बसला होता.

कोणालाही घाम फुटला असता. रंगरावांना राग आला. आबाजीनं चावटपणा केला, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवूनही टाकलं. किल्ली आपल्याच कमरेला आहे, हे सोयीस्करपणे विसरले. आणि त्याहून मौज म्हणजे, ती खेळी बघून त्यांना हसू आलं.

"फुकटचा घोडा! अरे, ज्यानं कोणी खेळलंय त्याला अक्कल तरी आहे का?"

आणि खाल्ला की त्यांनी तो घोडा. उचलला वजीर आणि खाल्ला. घोडा कुठं गेला ते बघितलं. घोडा उठला तेव्हा मागं काय मोकळं झालं, ते बघायची तसदी घेतली नाही. ह्यालाच ते खेळाडू म्हणायचे.

बाहेर येऊन मात्र त्यांनी कुलपावर लाख ओतली आणि स्वतःचा शिक्का उठवला. आता बघू आबाजी कसा शिरतो!

एक वाजून पाच मिनिटांनी फळीवर एक्केचाळीसचा बिल्ला होता. रंगरावांनी हात लावून बघितलं.

गरम होता. सावलीतल्या भिंतीवर, गरम.

शुक्रवार.

भोंगा झाला. खिळा मोकळा.

रंगरावांनी आबाजीला काहीच विचारलं नाही. थेट गोदामाकडे गेले. लाख शाबूत. शिक्का शाबूत. दार उघडलं.

डालगं उचललं...

काहीच हललं नव्हतं.

रंगरावांनी सुस्कारा सोडला. खाली बसले. डबा उघडणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आत आवाज नाही. भोंग्यानंतर यंत्रं थांबतात ते ठीक. पण पारवे? बाहेरची माणसं? जेवायला बसलेल्या दोनशे माणसांचा गलका असतो, तो कुठं गेला?

मग पलीकडे, दादू बसायचा त्या खोक्यावरून...

खोकला.

एकच. दबका. माणूस विचार करता करता खोकतो तसा.

रंगरावांनी खोक्याकडे बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही. ते पटाकडेच बघत राहिले. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पट नीट बघितला.

काळा उंट.

पार पलीकडच्या कोपऱ्याजवळून त्याची तिरकी वाट आता सरळ रंगरावांच्या राजावर येत होती. इतके दिवस मधे घोडा उभा होता. घोडा मरायला गेला आणि वाट मोकळी झाली. आता मधे होतं फक्त रंगरावांचं एक प्यादं. ते हलवावं तर राजाला शह. म्हणजे त्यानं काही खाता येत नाही. आणि त्याच पांढऱ्या प्याद्याला तिरकस खायला, राजाच्या दारात टपून बसलं होतं...

तेच अडकलेलं काळं प्यादं. भिकारी आहे का म्हणून सोडून दिलेलं.

एका खेळीत मात. प्याद्यानं. राजाला पळायला घर नाही, सगळी घरं त्यांनी स्वतःच अडवून ठेवली होती.

आणि खेळी काळ्याची होती.

 आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? आबाजी म्हणाला होता तसा राजा आडवा केला असता. हात जोडले असते. यादीत एक नाव लिहिलं असतं. त्यात काय जात होतं ह्यांच्या बापाचं?

रंगरावांनी काय केलं माहीत आहे?

ते प्यादं उचललं आणि खिशात घातलं!

मेलेल्या माणसाशी लबाडी. कासारवाडीला जाता जाता वाकडी वाट करून ते पवनेवर गेले आणि पुलावरून ते प्यादं नदीत फेकलं. वाहून जाताना डोळ्यांनी बघितलं. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बायकोनं, अंबुबाईनं विचारलं, आज एवढी भूक? तर म्हणाले, एक काम मार्गी लागलं.

शनिवार.

यादी तयार होती. तेरा नावं. दादूच्या घराचं नाव नव्हतं. त्या जागी त्यांनी साहेबाच्या स्वयंपाक्याच्या भाच्याचं नाव घातलं होतं. एकला द्यायची म्हणून यादी बरोबरच घेतली. लेखणी खिशाला.

साडेबारा. भोंगा.

एक्केचाळीसचा खिळा मोकळा.

लाख शाबूत. दार उघडलं. डालगं उचललं...

पट होता तसाच. प्याद्याचं घर रिकामं. इतर कुठलीही सोंगटी हललेली नाही.

रंगराव हसले. मोठ्यानं हसले. समोरच्या खोक्याकडे बघून म्हणाले, "काय रे दाद्या? संपली का अक्कल?"

डबा उघडला. भात, वरण, वांग्याची भाजी. अंबुबाईनं सकाळी स्वतः भरून दिलेला. झाकण रंगरावांनी स्वतः लावलेलं, डबा सकाळपासून त्यांच्या टेबलाखाली. त्यांनी मोठा घास घेतला...

दाताखाली कचकन काहीतरी आलं.

खडा म्हणावा तर केवढा! दाढ निखळते की काय असं वाटलं. त्यांनी तोंडात बोटं घालून ते बाहेर काढलं.

काळं. लाकडी. ओलं. बुडाला नदीचं हिरवं शेवाळ चिकटलेलं.

प्यादं.

रंगरावांच्या हातून ते गळून पडलं. पेंढ्यात कुठंतरी घरंगळलं. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसती बोबडी वळली.  आणि त्याच वेळी, अगदी हाताच्या अंतरावर...

टक.

लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज.

त्यांनी पटाकडे बघितलं. त्यांचं पांढरं प्यादं पटाच्या बाहेर आडवं पडलं होतं. त्याच्या घरात काळं प्यादं उभं होतं. ओलं. त्याच्याभोवती पटावर पाण्याचं छोटं वर्तुळ.

शह.

आणि मात.

समोरून कुणी काही बोललं नाही. हसलं नाही. नुसता एक श्वास ऐकू आला. सगळं ओझं उतरवून खाली बसलेल्या माणसाचा असतो तसा. त्यात खोकला नव्हता, ते रंगरावांच्या कानांनी नीट टिपलं.

बारा वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती. रंगरावांनी यादी काढली, भाच्याचं नाव खोडलं आणि लिहिलं, सगुणाबाई दादू. अक्षर असं आलं, की साहेबानं विचारलं, ताप आहे का तुम्हाला?

गोदामातून निघण्यापूर्वी त्यांनी सगळ्या सोंगट्या पिशवीत भरल्या, लाकडी पट मिटला आणि दोन्ही डालग्याखाली कोंबलं.

सोमवारी सगुणाबाई कामावर आली. डोळे सुजलेले, पण ताठ उभी. हजेरीला रंगरावांसमोर आली. रंगराव मान वर करेनात.

"सायेब, कारभारी त्या सांजेला लई खुशीत व्हते," ती म्हणाली. "ढास लागली तरी हसत व्हते. म्हनले, सगुणा, तुझं काम झालंच म्हून समज. दोनच खेळ्या ऱ्हायल्यात."

रंगरावांच्या हातातली लेखणी वहीवर तशीच टेकून राहिली. शाईचा डाग पसरत गेला. तो डाग त्या वहीत शेवटपर्यंत होता.

दोनच खेळ्या! म्हणजे मंगळवारीच त्या पेंढेवाल्यानं सगळं बघून ठेवलं होतं. घोडा, उंट, प्यादं, आणि रंगरावांची हावसुद्धा.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी भोंगा झाला. फळीवर एक्केचाळीसचा बिल्ला होता, जागेवर. रंगरावांना धीर आला. पट-पिशवी घरी न्यावी आणि चुलीत घालावी म्हणून ते गोदामात गेले. डालगं उचललं...

पट मांडलेला होता.

नवा डाव. सगळ्या सोंगट्या आपापल्या घरात. फक्त पट फिरवलेला. रंगराव बसायचे त्या बाजूला काळ्या. समोर, दादूच्या बाजूला, पांढऱ्या.

जिंकेल त्याची पांढरी. नियम कोणी केला होता?

पांढऱ्याचं एक प्यादं एक घर पुढं सरकलेलं होतं.

पैज काय लावलीय, ते ह्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

काळ्याची खेळी बाकी होती.

रंगराव ती खेळी खेळले नाहीत. त्यांनी डालगं तसंच पालथं घातलं, कुलूप लावलं, लाख ओतली आणि परत त्या दाराकडे गेले नाहीत. खेळलोच नाही तर हरणार कसं, एवढाच त्यांचा हिशेब. राजा आडवा करून मोकळं व्हावं, हे आबाजीनं दोनदा सुचवलं. पण नाही! मेल्यापुढंही मान वाकवायची नाही, मग घाबरून का मरेना. तीन वर्षं हा माणूस गेटबाहेर कडुलिंबाखाली जेवला. प्रत्येक घास आधी बोटानं चिवडून बघायचा. लोक हसायचे. आम्हीही हसलो असतो.

१९५९ च्या माघात रंगराव वारले. घरी, अंथरुणावर. दुपारी. किती वाजता ते अंबुबाईला नीट सांगता आलं नाही. साडेबाराचा भोंगा झाला तेव्हा पाणी मागत होते, एकचा झाला तेव्हा नव्हते, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमचे वडील त्यांचं सामान आणायला कारखान्यात गेले. आबाजी बरोबर होता. जुन्या गोदामाच्या कुलपावर तीन वर्षांपूर्वीची लाख होती. वडिलांनीच ती फोडली. रंगरावांचा शिक्का त्यांनी स्वतः बघितला.

आत बोटभर धूळ. पाऊल कुणाचंच नाही. डालगं उचललं...

डाव तसाच मांडलेला. बांबूच्या फटींतून झिरपलेली धूळ सगळ्या सोंगट्यांवर बसलेली. काळं एकही हललेलं नाही. फक्त एक सोंगटी स्वच्छ होती. जणू आताच कुणीतरी धरून ठेवली होती.

पांढरा राजा.

तो आडवा केलेला होता.

आबाजीनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. एका डोळ्यातून पाणी येत होतं. म्हणाला, "गडी गेला म्हून दादूनं डाव सोडला, पावनं. रीत पाळली बघा त्यानं."

आईच्या मामांना जितेपणी हे जमलं नाही. पेंढा वाहणाऱ्यानं मेल्यावर केलं.

आता एवढ्यावर हात जोडून गप्प बसावं, असं आम्हालाही वाटतं. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. राजा आडवा केला की डाव समोरच्याचा. म्हणजे तो डाव काळ्यानं जिंकला. म्हणजे रंगराव जिंकले. आणि जिंकेल त्याची पांढरी, पहिली खेळी त्याची.

पट आमच्याकडे आहे. वडिलांनी सोंगट्या पिशवीत घातल्या, पिशवी पेटीत, पेटीला सुतळीच्या चार गाठी. माळ्यावर ठेवली ती आजवर कुणी उघडलेली नाही. मीही उघडणार नाही.

फक्त दुपारी साडेबाराला घरात कुणी नसलं की मी रेडिओ मोठ्यानं लावतो.

कारण परवा लावायचा राहिला. आणि माळ्यावरून आवाज आला...

टक.

जरा वेळ काहीच नाही.

मग दुसरा. सावकाश. विचार करून.

टक.